तुळशीचं खोड चौकोनी का असतं? औषधी वनस्पतींतून जीवशास्त्र शिकवू पाहणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेच्या मागे टेकडी आहे आणि वर्गात निम्मी मुलं ठाकरवाडी-कातकरवाडीतून येतात. पहिल्या वर्षी मी नववीकडून औषधी वनस्पतींचं प्रदर्शन करून घेतलं. चाळीस कुंड्या मांडल्या, प्रत्येकीवर पाटी लावली: 'तुळस – सर्दी, खोकला', 'अडुळसा – कफ', 'कोरफड – केस व त्वचा'. पालक खूश झाले, पाहुण्यांनी कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात तुळशीची फांदी उंच धरून मी विचारलं, "पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक?" तिघांनी बघून सांगितलं. बाकीच्यांनी पुस्तक उघडलं. डोळ्यांसमोरच्या फांदीचं उत्तर त्यांना पुस्तकात शोधावंसं वाटलं. महिनाभर मी त्यांच्याकडून उपयोग पाठ करून घेतले होते, झाड बघायला शिकवलंच नव्हतं.

त्यानंतर मी प्रश्नच बदलला. 'या झाडाचा आपल्याला काय उपयोग?' हा प्रश्न शेवटी. आधी 'या झाडाला स्वतःला याचा काय उपयोग?' तुळशीला वास कशासाठी? अडुळशाचं पान कडू का, आणि शेळी त्याला तोंड का लावत नाही? गुळवेल खोडात एवढा पिठूळ साठा कोणासाठी करते? हे प्रश्न विचारले की पेशी, ऊती, प्रकाशसंश्लेषण, प्रजनन, उत्क्रांती हे सगळं आपोआप वर्गात येतं. खाली दिलेली पद्धत याच प्रश्नावर उभी आहे.

१. आधी धडा ठरवा, मग झाड निवडा

नवीन शिक्षक बहुतेक वेळा उलट करतात. झाडांची लांबलचक यादी आधी होते आणि मग प्रत्येक झाड कुठल्या तरी धड्याला चिकटवलं जातं. अभ्यासक्रमातली संकल्पना हातात घ्या आणि ती कुठलं झाड सगळ्यांत स्पष्ट दाखवतं ते पाहा. माझ्या वहीतल्या काही जोड्या:

ऊतींसाठी तुळशीचं कोवळं खोड. बोटांत फिरवलं तरी चार कोपरे लागतात. पातळ आडवा छेद घेऊन सॅफ्रॅनिन या लाल रंगाच्या थेंबात ठेवला की कोपऱ्यांत जाड भित्तिकांच्या पेशींचे पुंजके दिसतात. त्या स्थूलकोन ऊती. वाऱ्यात वाकणाऱ्या फांदीला आधार देणाऱ्या तुळया म्हणा ना! खोड चौकोनी का, याचं उत्तर मुलांना तिथेच मिळतं.

वाहक ऊतींसाठी गुळवेल. बोटाएवढ्या जाड वेलीचा आडवा काप घेतला की साध्या भिंगातूनही बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. अन्नसाठ्याच्या प्रयोगालाही हीच वेल येते, तो पुढे सांगते.

शाकीय प्रजननासाठी पानफुटी, हळद आणि दूर्वा. एक पानातून, एक जमिनीखालच्या खोडातून, एक सरपटणाऱ्या खोडातून वाढते. हळदीच्या कंदाला मुलं हमखास मूळ म्हणतात. त्यावरची पेरं, खवल्यांसारखी पानं आणि डोळे मोजायला लावा. पेरं असतील तर ते खोड, हा नियम मुलं पुन्हा विसरत नाहीत.

फुलाच्या भागांसाठी जास्वंद सगळेच वापरतात, ठीक आहे. पण एकलिंगी फुलांसाठी पुन्हा गुळवेलीकडे या, कारण तिच्यात नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. नत्र स्थिरीकरणासाठी गोकर्ण: रोप अलगद उपटून मुळांवरच्या गाठी दाखवा, एक गाठ कापून आतला गुलाबी रंग दाखवा. बीजप्रसारासाठी आघाडा आणि रुई. आघाड्याची फळं टेकडीवरून येताना सगळ्यांच्या कपड्यांना चिकटतात आणि रुईची म्हातारी प्रत्येकाने फुंकर मारून उडवलेली असते. इथे शिक्षकाला फार बोलावंच लागत नाही.

भुईआवळीचा एक तास मात्र मुद्दाम राखून ठेवा. सगळे म्हणतील संयुक्त पान आहे. मग विचारा, "फुलं कुठे आहेत?" प्रत्येक बारक्या पानाच्या बगलेत फूल लटकलेलं असतं. कळी पानाच्या कक्षेत, म्हणजे बगलेत येते, पर्णिकेच्या (संयुक्त पानाच्या एका तुकड्याच्या) कक्षेत येत नाही. म्हणजे ती बारकी पानं स्वतंत्र पानं, आणि आपण ज्याला पान समजत होतो ती फांदी! मग कडुनिंबाची डहाळी हातात द्या आणि तीच परीक्षा लावायला सांगा.

२. शाळेपासून दहा मिनिटांच्या परिघात फिरा

वर्षाला दहा झाडं पुरतात. चाळीस नकोत. जूनच्या शेवटी एकदा, गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तुम्ही स्वतः, मुलांशिवाय, तोच रस्ता चाला. कुठलं झाड कुठे आहे, फुलावर कधी येतं, तिथे साप-विंचवाची अडगळ आहे का, जमीन कोणाची आहे, हे वहीत लिहा.

ऋतूचं भान नसेल तर धडा फसतो. अडुळसा हिवाळ्यात फुलतो. मी एकदा ऑगस्टमध्ये मुलांना फूल दाखवायला नेलं आणि नुसती पानं दाखवून परत आणलं. कळलावी श्रावणात पेटल्यासारखी लाल-पिवळी दिसते, दिवाळीनंतर जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. आवळे हिवाळ्यात हाताशी येतात. सदाफुली बारा महिने असते, म्हणून ती अडीअडचणीची मैत्रीण.

कोकण आणि देश इथे झाडं वेगळी, विदर्भात आणखी वेगळी. माझी यादी उतरवून घेऊ नका. तुमच्या शाळेच्या कुंपणाला शतावरी असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा. तिची सुईसारखी हिरवी 'पानं' खरं तर रूपांतरित खोडं असतात, म्हणजे धडा तयारच आहे.

आणि गणपती जवळ आले की पत्री वापरा. घरोघरी एकवीस पत्रींची यादी ठाऊक असते, गावागणिक थोडी बदलते. माका, आघाडा, दूर्वा, बेल, शमी, डोरली, धोतरा, रुई, कण्हेर, तुळस ही नावं मुलांच्या तोंडात असतात. यादी फळ्यावर लिहा आणि पत्री कुळांनुसार लावायला सांगा: पानांची मांडणी, शिरा, फुलाची रचना यांवरून. डोरली आणि धोतरा एका कुळातले, म्हणजे घरातल्या वांगी-टोमॅटोचे भाऊबंद, हे कळल्यावर वर्गात जो कालवा होतो तो मला फार आवडतो. प्रत्येक पत्रीचं एकच पान आणायचं, एवढी अट घाला. शमीची फांदी ओरबाडून आणणारा एक जण दर वर्षी निघतोच.

३. नाव पक्कं झाल्याशिवाय एक पाऊलही पुढे जाऊ नका

सगळ्यांत मोठा खड्डा हा आहे.

'ब्राह्मी' म्हणून आपल्याकडे दोन झाडं चालतात. एक बाकोपा मोनिएरी: बारीक, मांसल, समोरासमोर पानं, पाणथळ जागा, फिकट फुलं. दुसरं सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी: मूत्रपिंडाच्या आकाराची, लांब देठाची पानं, जमिनीवर धावणारं खोड. दोघांची कुळंसुद्धा वेगळी. शंखपुष्पीचं तर विचारूच नका. कुठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कुठे इव्होल्व्ह्युलस, कुठे चक्क गोकर्णालाच शंखपुष्पी म्हणतात. द्विनाम पद्धत (प्रत्येक जातीला दोन शब्दांचं शास्त्रीय नाव) का लागते हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. दोन्ही ब्राह्मी दोन बश्यांत ठेवा आणि विचारा, "डॉक्टरांनी ब्राह्मी लिहून दिली, तर दुकानदाराने कोणती द्यायची?"

गुळवेलीच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. टेकडीवरून आणलेली वेल वर्गात दाखवत होते. एका विद्यार्थिनीची आजी तिला न्यायला आली होती. त्यांनी दारातूनच पाहिलं, आत आल्या, पान उलटं केलं आणि माझं बोट त्यावर फिरवलं. "बाई, ही ती नाय. हिला लव आहे बघा." खालच्या बाजूला मखमलीसारखी लव होती. ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे खरी गुळवेल, नव्हती, तिचीच चुलत बहीण टिनोस्पोरा सायनेन्सिस होती. तेव्हापासून माझा नियम असा: प्रत्येक झाडाची किमान तीन ओळखचिन्हं मुलांनी वहीत लिहायची, आणि त्यातलं एक तरी पानाच्या मागच्या बाजूचं असलं पाहिजे.

ओळख पक्की करायला मोबाइलचं ॲप चालेल, पण त्याचं उत्तर ही फक्त सुरुवात. स्थानिक वनस्पतिकोशातल्या वर्णनाशी ताडून पाहा, जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना फूल-फळासकट नमुना दाखवा. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय आहे. सहलीत यांपैकी एक ठिकाण बसवता आलं, तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या.

शाळेत स्वतःचा वाळवलेला संग्रहही करा. फूल असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर वजन ठेवायचं आणि कागद रोज बदलायचा. पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. आठ-दहा दिवसांत नमुना तयार होतो. संग्रहाचा प्रमाण कागद साधारण ४२ × २९ सेंटिमीटरचा असतो, ए-थ्री आकाराचा जाड कागद जवळजवळ तेवढाच. कोपऱ्यात शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, कुळ, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहा. तारीख आणि ठिकाण नसलेला नमुना म्हणजे नुसतं वाळकं पान.

४. काय जमवायचं

कागदपत्रं:
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, त्यात तारीख, वेळ आणि मार्ग
- पालकांचं संमतीपत्र, त्यातच मुलाला कशाची ॲलर्जी किंवा दमा आहे का हा रकाना
- खासगी जमीन असेल तर मालकाची संमती. राखीव वनात जायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी (अभयारण्यातून काहीही तोडून आणायचं नाही, गळालेलं पानसुद्धा नाही)
- जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक, तुमच्याजवळ आणि शाळेच्या कार्यालयात

साहित्य: हातभिंगं, शाळेतला सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, नवं ब्लेड, सॅफ्रॅनिन, पारदर्शक नेलपॉलिश, चिकटपट्टी, सुई काढलेल्या ५ मिलिलिटरच्या सिरिंज, सुती फडकं, फिनॉल्फ्थॅलीन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा दर्शक), ०.१ नॉर्मल सोडिअम हायड्रॉक्साइड (आम्ल मोजायला लागणारा अल्क), औषधांच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन, फुगे, यीस्ट. सूक्ष्मदर्शक नसेल तर कागदाचा फोल्डस्कोप घ्या. मनू प्रकाश आणि त्यांच्या स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी बनवलेलं हे साधन मुलं स्वतः जोडतात, आणि पर्णरंध्रं त्यातून नीट दिसतात.

५. चव घ्यायची नाही

हा नियम फळ्यावर लिहून ठेवा आणि कोणासाठीही मोडू नका, तुमच्यासाठीही नाही. औषधी म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मुलं घरून घेऊन येतात.

मी मुलांना 'फक्त डोळ्यांनी' अशी वेगळी यादी देते. धोतरा: बिया सर्वांत घातक. रुई: चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. कण्हेर आणि बिट्टी: बिट्टीच्या बियांनी मुलं खेळतात, त्यांचा परिणाम हृदयावर होतो. गुंज: दिसायला सुंदर, हस्तकलेत वापरली जाते, पण चावलेली बी जीव घेऊ शकते. एरंड आणि मोगली एरंड: मोगली एरंडाच्या बियांना शेंगदाण्यासारखी चव असते, म्हणून मुलं खातात आणि मग उलट्या-जुलाब होतात. कळलावीचा कंद. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, खाजकुयलीच्या शेंगेवरची लव सगळ्या वर्गाला खाजवत बसवते.

यातली तीन-चार झाडं पत्रीत असतात. म्हणून गणपतीच्या तासाला हात धुण्याची बादली आणि साबण वर्गाच्या दारातच ठेवा.

६. चार प्रयोग, जे माझ्या वर्गात जमले

*पानफुटीचा आंबटपणा.* हा माझा सर्वांत आवडता. बेंजामिन हेन हा वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होता. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळी कडसर, असं त्याने चावून पाहून नोंदवलं. ही नोंद १८१५ मध्ये छापली गेली. आपण चावायचं नाही, मोजायचं. पहाटे खुडलेली जाड, जून पानं आणि त्याच झाडाची दुपारी चारनंतर खुडलेली पानं, प्रत्येकी ५ ग्रॅम. थोड्या पाण्यात वाटून फडक्यातून गाळा, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन टाका. सिरिंजने सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबथेंब सोडा, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत (हा भाग शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि चष्मा लावून). सकाळच्या पानांना जास्त द्रावण लागतं.

कारण मुलांकडून काढून घ्या. ही वनस्पती पाणी वाचवायला दिवसा पर्णरंध्रं मिटते. रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, साठवते. दिवसा प्रकाश आला की तो साठा मोडून साखर बनवते. घरच्या कोरफडीचंही असंच चालतं.

हा प्रयोग फसण्याच्या दोन वाटा मला माहीत आहेत. सकाळची पानं पिशवीत घालून मुलं उन्हातून चालत येतात आणि तोवर आम्ल उतरायला लागतं. म्हणून पानं काळ्या कापडात गुंडाळून थंड डब्यात आणायला सांगा, आणि आल्या आल्या वाटा. दुसरी वाट म्हणजे पावसाळा. ढगाळ दिवसांत फरक अंधुक होतो. डिसेंबर-जानेवारीत करा.

*अडुळशाची पर्णरंध्रं.* पानाच्या खालच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ थर द्या, दहा मिनिटं वाळू द्या, चिकटपट्टीने उचलून काचपट्टीवर लावा. दोन रक्षक पेशी आणि त्यांना काटकोनात बसलेल्या दोन सहायक पेशी दिसतील. औषधाच्या चूर्णात खरंच अडुळशाचं पान आहे का, हे तपासताना तज्ज्ञ अशाच खुणा शोधतात. हे सांगितलं की कंटाळलेलं पोरही सूक्ष्मदर्शकाकडे येतं. तुळशीवर हा प्रयोग करू नका, लवेमुळे ठसा नीट उठत नाही.

*गुळवेलीचं सत्त्व.* वेलीचे तुकडे सोलून, ठेचून पाण्यात रात्रभर भिजवा. कुस्करून फडक्यातून गाळा, पाणी स्थिर ठेवा, वरचं ओतून द्या, पुन्हा पाणी घाला. दोन-तीनदा केल्यावर तळाशी पांढरा गाळ उरतो. घराघरांत 'गुळवेल सत्त्व' म्हणतात ते हेच. त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं! म्हणजे बहुतांश स्टार्च. पहिल्या वर्षी एका मुलाने विचारलं, "मग औषध कुठे गेलं?" मी त्याला उत्तर दिलं नाही, ओतून दिलेलं पाणी पुढच्या वेळी वेगळं जपून ठेवायला सांगितलं. वेलीने हा साठा कोरड्या दिवसांत स्वतः तगून राहण्यासाठी केलेला असतो, हे मात्र त्याच तासाला बोललो. गुळवेल तोडून टांगून ठेवली तरी तिला कोंब फुटतात, ते याच शिदोरीवर.

*आवळ्याचे थेंब.* पातळ पेजेत पोव्हिडोन आयोडीन घालून निळं पाणी बनवा. सारख्या मापात चार पेल्यांत ओता. ताज्या आवळ्याचा रस, उकळलेला रस, सुकवलेल्या आवळ्याचं पाणी, लिंबाचा रस: कुठल्या पेल्याचा निळा रंग किती थेंबांत जातो ते मोजा. मुलं लगेच 'क जीवनसत्त्व' असा निकाल लावतील. इथे थांबवा. आवळ्यात टॅनिनंही असतात आणि तीही आयोडीनचा रंग घालवतात. आपली परीक्षा नेमकं काय मोजते आणि काय मोजत नाही, हे वहीत एका वाक्यात लिहून घ्या. माझ्या मते ते वाक्य सगळ्या प्रयोगाहून मोलाचं आहे.

७. 'औषधी' हा शब्द तपासायला शिकवा

आता 'आपल्याला काय उपयोग' या प्रश्नाकडे यायला हरकत नाही.

अडुळशात व्हॅसिसीन हे अल्कलॉइड असतं. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे खोकल्यात कफ पातळ करणारं औषध बनवलं गेलं. सदाफुलीतून व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन मिळतात, ती कर्करोगावर वापरली जातात. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिंक्रिस्टीन महत्त्वाचं आहे. ते तर्कुतंतू (विभागणाऱ्या पेशीत गुणसूत्रं ओढणारे धागे) बनू देत नाही, म्हणून पेशीविभाजन अडतं. कळलावीतलं कोल्चिसीनही तेच करतं. सूत्री विभाजनाचा धडा शिकवताना अंगणातली सदाफुली टेबलावर ठेवा. पण त्याच तासाला हेही सांगा की हे द्रव्य पानात अतिशय कमी असतं, ते शुद्ध करून मोजून शिरेतून देतात. 'मधुमेहावर सदाफुलीची पानं चावा' हा सल्ला पेशीविभाजन थांबवणारं झाड चावायला सांगतो. झाडाने ही द्रव्यं बनवली ती त्याला खाणाऱ्यांना दूर ठेवायला, हे ध्यानात आलं की मात्रेचा मुद्दा मुलांना पटतो.

दाव्याची परीक्षा वर्गातच करायची असेल तर यीस्ट वापरा. चार बाटल्यांत कोमट पाणी, साखर, यीस्ट सारख्या मापात. एकीत काही नाही, दुसरीत लवंगेची पूड, तिसरीत ओवा, चौथीत तुळशीच्या पानांचा रस. तोंडाला फुगे लावा आणि तासाभराने फुग्यांचा घेर दोऱ्याने मोजा. आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा. घशातले किंवा हातावरचे जंतू बशीत वाढवण्याचा मोह टाळा. काय वाढलं हे शाळेत ओळखता येत नाही आणि त्याची सुरक्षित विल्हेवाटही लावता येत नाही.

हळदीची कथा दहावीला जरूर सांगा. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. 'आमच्याकडे हे माहीतच होतं' एवढं म्हणून भागलं नाही, छापील पुरावे द्यावे लागले. नोंद का करायची, हे मुलांना इथे समजतं.

८. घरची माहिती मिळवताना

मुलांना आजी-आजोबांकडे पाठवा, पण कोरी वही देऊन नको. पाच प्रश्न पुरतात: झाडाचं तुमच्याकडचं नाव काय? कुठे उगवतं? कधी फुलतं? त्याला कोण खातं? कशावरून ओळखता? 'कोणत्या आजारावर' हा प्रश्न मी मुद्दाम यादीत ठेवत नाही. सांगणारे आपणहून सांगतातच. हे पाच प्रश्न मात्र विचारले नाहीत तर त्यांची उत्तरं कधीच मिळत नाहीत.

माझ्या वर्गातल्या कातकरी मुलांना झाडांची ओळख माझ्याहून अधिक आहे. वर्गात ती गप्प बसायची, कारण त्यांचं ज्ञान पुस्तकी शब्दांत नव्हतं. टेकडीवर मी त्यांना पुढे ठेवते आणि ती सांगतील ते मागून सगळे लिहून घेतात. त्यांच्या बोलीतलं नाव नमुन्याच्या कागदावर सगळ्यांत वर येतं.

दोन गोष्टी सांभाळा. सांगणाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय त्यांचं नाव किंवा उपचाराची कृती कुठेही लावू नका. आणि दुर्मीळ झाडाची नेमकी जागा कधीही जाहीर करू नका. नरक्यापासून कॅम्प्टोथेसिन मिळतं, ते कर्करोगावरच्या औषधांसाठी लागतं, आणि म्हणूनच सह्याद्रीत हे झाड चोरून तोडलं गेलं. सर्पगंधा मुळांसाठी उपटली जाते. अशी झाडं दिसली तर फोटो, तारीख, बस्स.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ग्रामसेवकांना भेटून ती पाहायला मागा. आम्ही गेलो तेव्हा नोंदवहीतली सात-आठ नावं मुलांना ओळखता आली नाहीत आणि मुलांनी पाहिलेली तीन झाडं तिच्यात नव्हती. समितीने त्यांचा कागद ठेवून घेतला. मुलं परत येताना काय ताठ चालत होती!

९. परीक्षा कशी घ्यायची

'तुळशीचे चार औषधी उपयोग लिहा' हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी टेबलावर पाच डहाळ्या, नावं झाकलेली. प्रत्येकीजवळ एकच प्रश्न. हे पान संयुक्त आहे की साधं, कशावरून? या तुकड्याला खोड का म्हणायचं? ही दोन पानं एकाच जातीची आहेत का? या झाडाला काटे नाहीत, तरी गुरं का खात नाहीत, आणि तुझं उत्तर खरं आहे हे कसं तपासशील? दर डहाळीला तीन मिनिटं. गुण नावाला नाही, 'कशावरून' या शब्दापुढच्या ओळीला द्या. डहाळ्या त्याच सकाळी कापून ओल्या फडक्यात ठेवा. दुपारच्या तुकडीपर्यंत तुळस माना टाकते, म्हणून तिची दुसरी फांदी तयार असू द्या.